भीमराजच्या छातीतलं हृदय

मित्रांनो, मी एक जुनं हृदय आहे. लग्नपत्रिकेवर काढतात तसं लाल, टोकदार चित्र माझं नव्हे. मी मांसाचा आहे, मुठीएवढा आहे, आणि भीमराज नावाच्या माणसाच्या छातीत थोडा डावीकडे कलून राहतो. भीमराज जन्मला त्याच्या कितीतरी महिने आधी, आईच्या पोटातच मी चालू झालो. तेव्हापासून मला सुट्टी नाही. तो झोपला तरी मी जागा असतो. याची मला कधीच तक्रार वाटली नाही, कारण काम हीच माझी विश्रांती आहे. एक ठोका देतो, क्षणभर सैल पडतो, त्या क्षणभरातच विसावून ताजा होतो आणि पुढचा ठोका देतो.

एकोणीसशे बासष्ट साली भीमराज मराठवाड्यातलं आपलं गाव सोडून चिंचवडला आला. अंगाने भरलेला, बोलायला कमी. एका कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये त्याला काम मिळालं. कामगार त्याला ‘हॅमर शॉप’च म्हणत. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा तुकडा सांडशीने ओढायचा, मोठ्या यांत्रिक हातोड्याखाली धरायचा आणि घाव बसेल तसा फिरवत राहायचा. जमीन हादरायची, दात वाजायचे. पहिल्या दिवशी मी घाबरून जोरजोरात धावू लागलो. आठवडाभरात मला त्याची सवय झाली. तरणा होतो मी. भीमराजने सांडशी उचलली की मी दुप्पट रक्त त्याच्या दंडांत पाठवत असे, आणि काम थांबलं की हसत हसत मूळ चालीवर येत असे.

मात्र त्या शॉपमध्ये मी सर्वांत जोरात धडधडलो तो हातोड्यामुळे नव्हे. ती गोष्ट जेवणाच्या सुट्टीतली आहे.

भीमराजचं घर बौद्ध. धर्म बदलून काही वर्षं झाली होती, पण गाव बदललं नव्हतं. गावात त्याच्या घरच्या अन्नाला वाड्यावस्तीवरचं कुणी हात लावत नसे. म्हणून कॅन्टीनमध्येही तो कोपऱ्यातलं बाक धरून, पाठ फिरवून जेवायचा. एके दिवशी शेजारी येऊन बसला भैरू. अंगाने काटकुळा, तोंडाने बडबड्या. भैरू इथल्याच जुन्या गावठाणातला. ज्या जमिनीवर कारखाना उभा राहिला ती त्याच्या घरची होती, आणि जमिनीच्या बदल्यात त्याला नोकरी मिळाली होती.

“तू बसलायस ना राव, हितं आमची विहीर हुती,” भैरू म्हणाला. आणि बोलता बोलता त्याने भीमराजच्या डब्यातली अर्धी भाकरी तोडली, ठेच्याला लावली आणि तोंडात टाकली. “तिखट हाय. पर झ्याक हाय. कुनी केलं?”

“बायकोनं. कस्तुरानं,” भीमराज कसाबसा म्हणाला.

मित्रांनो, भैरूला त्यात काहीच वाटलं नाही. तो पुढचा घास घेत होता. मी मात्र असा धडधडत होतो की भीमराजने छातीवर हात ठेवला. त्या दिवसापासून दोघांचा डबा एक झाला.

भैरूच्या घरी मात्र तसं नव्हतं. त्याची आई गोजाबाई जुन्या वळणाची. कष्टाळू, तोंडाने फटकळ आणि मनाने वाईट नव्हे, पण रीत म्हणजे रीत. भीमराज गेला की त्याला ओसरीवर बसवायचं, देवळीतल्या वेगळ्या कपात चहा द्यायचा. भैरूची मान खाली जायची. आईशी भांडून त्याने पाहिलं, पण म्हातारी ऐकेना. मग भैरूने आपला एक मार्ग काढला. घरातलं जे जे उत्तम ते तो डब्यातून भीमराजसाठी आणू लागला. म्हशीच्या दुधाचं रवाळ तूप, साईचं दही, मटणाचा तर्रीदार रस्सा. भाकरीवर तुपाची धार सोडताना तो म्हणायचा, “खा रं. लाजू नगंस.” आईने ओसरीवर जे नाकारलं होतं, ते लेक कॅन्टीनमध्ये भरून काढत होता. भीमराजला ते कळत होतं. म्हणून तो कधी नको म्हणत नसे.

अशी वर्षं गेली. कारखाना वाढला, मागण्या वाढल्या, ओव्हरटाइम वाढला. कस्तुरा चाळीतल्या खोलीत संसार नेटका ठेवत होती, पण घरी जेवायला भीमराज असायचाच कुठे? शिफ्ट संपली की गेटावर वनस्पती तुपात तळलेली भजी, त्यावर चहा, त्यावर विडी. दोन शिफ्ट जोडून केल्या तर विड्यांचं बंडल संपायचं. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, “भीमराज म्हंजे पोलाद.” त्याच्या दंडांचं कौतुक झालं, छातीचं झालं. आतल्या माझी कुणी चौकशी केली नाही. त्यात नवल नाही म्हणा, जे मुकाट्याने चालतं त्याची आठवण कुणाला होते?

आता माझ्या घरात काय चाललं होतं तेही सांगतो.

मी सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, पण मलाही रक्त लागतं. त्यासाठी माझ्या अंगावरून वेलीसारख्या बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या आहेत. माझा स्नायू त्यांच्यावरच जगतो. त्या स्नायूच्या धाग्याधाग्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लहान लहान भट्ट्या आहेत. रक्तातून आलेला प्राणवायू आणि अन्न तिथे जळतं, आणि त्यातून मला आकसायची ताकद मिळते. आणि भट्टी म्हटली की ठिणग्या उडणारच. प्राणवायूच्या या ठिणग्या माझ्या धाग्यांना चटके देतात. शरीराने त्या विझवण्याची सोयही केलेली आहे, त्यामुळे एरवी काही बिघडत नाही.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. तो काही मुळात वैरी नाही. शरीराच्या कणाकणाला तो थोडा हवाच असतो, आणि यकृत तो स्वतः तयारही करतं. पण भीमराजच्या रक्तात तो गरजेहून फार जास्त झाला. तो माझ्या वेलींच्या भिंतींत शिरू लागला. विड्यांच्या धुराने ठिणग्या वाढल्या, विझवणारे कमी पडू लागले. त्या ठिणग्यांनी भिंतीतलं कोलेस्टेरॉल होरपळलं, खराब झालं. रक्तातले पांढरे शिपाई ते साफ करायला धावले, खाऊन खाऊन फुगले आणि तिथेच अडकून पडले. थरावर थर चढला. ज्या वाटेने रक्त खळाळत यायचं ती वाट अरुंद झाली.

माझ्या स्नायूलाही ते बाधलं. चरबीचे बारीक कण धाग्यांत साचले. भट्ट्या धुमसू लागल्या, धूर जास्त आणि ताकद कमी. पूर्वी ठोक्यानंतर मी लोण्यासारखा सैल पडायचो. आता मी ताठरलो. सैल पडायलाही मला कष्ट होऊ लागले.

मला तोंड नाही, मित्रांनो. मला जे सांगायचं ते धाप लावून, घाम आणून, कळ उठवून सांगावं लागतं. मी सांगितलंही. भीमराज स्टेशनवरच्या पुलाचा जिना चढताना मधेच थांबू लागला. डाव्या खांद्यात ओढ लागू लागली. “सांडशीनं खांदा भरलाय,” तो कस्तुराला म्हणायचा. कधी जेवणानंतर छातीत दाटून यायचं, तेव्हा सोडा पिऊन ढेकर काढायचा आणि म्हणायचा, “वात झालाय.” कस्तुरा म्हणायची, “एकदा दवाखान्यात दाखवा ना.” “दाखवू,” तो म्हणायचा, आणि शिफ्टला जायचा.

सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा. दुपारची वेळ, बाहेर ऊन आणि आत भट्टी. भीमराजने तुकडा हातोड्याखाली धरला, आणि त्याच क्षणी माझ्या एका वेलीतला तो थर फुटला. त्यावर रक्ताची गाठ धरली आणि वाट पार बंद झाली. माझ्या डाव्या अंगाच्या एका भागाला रक्त मिळेनासं झालं. तिथले धागे प्राणवायूसाठी तळमळू लागले. मी असेल नसेल तेवढं बळ लावून कळ उठवली. भीमराजच्या हातातली सांडशी गळून पडली. छातीवर कुणी ऐरण ठेवल्यासारखं त्याला झालं, अंगाला गार घाम सुटला.

भैरू दोन मशीन पलीकडे होता. तो धावत आला. त्याने भीमराजला आपल्या किडकिडीत खांद्यावर घेतलं आणि दोघातिघांच्या मदतीने कंपनीच्या गाडीत घातलं. गाडी पुण्याच्या इस्पितळाकडे निघाली. वाटभर भैरूने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

“बोलत ऱ्हा माज्याशी,” भैरू सारखा म्हणत होता. “डोळं मिटू नगंस भीमराज. काय बी बोल.”

“तुझी विहीर... कुठं व्हती?” भीमराज पुटपुटला.

“कॅन्टीनखाली रं. कॅन्टीनखाली,” भैरू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी भीमराजच्या कपाळावर पडलं.

आम्ही वाचलो. पण पुरते नाही. डॉक्टरांनी छातीला तारा लावून माझ्या चालीच्या रेघा कागदावर उमटवल्या, तेव्हा त्यांना कळलं ते मला आधीच ठाऊक होतं. माझा एक तुकडा मेला होता. हात कापला तर कातडी भरून येते, हाड मोडलं तर सांधतं. माझा मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तिथे पांढरा, चिवट व्रण तयार होतो. तो मला फाटू देत नाही, पण ठोकाही देत नाही. त्याच्या वाटणीचं काम उरलेल्या मला करावं लागतं.

घरी सोडताना इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी भीमराजला आणि कस्तुराला समोर बसवून नीट सांगितलं. रक्तात कोलेस्टेरॉल फार वाढलंय. तूप, वनस्पती, साय, तळलेलं, मटण बंद. विडी तर आजपासूनच बंद. भाज्या भरपूर, भाकरी कोरडी, आणि हळूहळू चालणं वाढवायचं. छातीत दुखलं तर जिभेखाली गोळी ठेवायची. कस्तुराने एकेक गोष्ट मनात धरली. भीमराजनेही मान डोलावली.

पण घरी आल्यावर एक अघटित घडलं. भैरू एक मोठा डबा घेऊन आला. डब्यात डिंकाचे लाडू होते. खोबरं, खारीक, डिंक, आणि दाबलं तर बोटांना ओशट लागेल एवढं तूप.

“आईनं धाडल्यात,” भैरू खाली बघत म्हणाला. “तिनं सोता वळलं. म्हनली, पोराच्या अंगात ताकद न्हाई ऱ्हायली, त्याला दे.”

भैरू गेल्यावर कस्तुराने डबा वरच्या फळीवर ठेवला. भीमराजने तो खाली घेतला.

“डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय?” ती म्हणाली.

“मला याद हाय.”

“मग?”

भीमराजने लाडू हातात धरला होता. तो खात नव्हता, नुसता बघत होता. “आपल्या बापजाद्यात कुणासाठी त्या घरातून लाडू आलेत का कस्तुरा? त्या म्हातारीनं माझ्यासाठी वळलेत. परत कसे करू?”

भीमराजने लाडू खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मीही आनंदाने भरून आलो होतो. मित्रांनो, हीच माझी पंचाईत. ज्या घासाने मी सुखावलो तोच घास मला मारणार होता.

डबा संपला की दुसरा यायचा. गोजाबाईला वाटे, पोरगा खातोय म्हणजे बरा होतोय. महिनाभरात छातीतली कळ परत आली. घरातल्या घरात चालतानाही भीमराजला जिभेखाली गोळी ठेवावी लागली. तो ते कस्तुरापासून लपवायचा. पण गोळ्यांची बाटली रिकामी होत चालली होती, आणि कस्तुराला डोळे होते.

एका सकाळी तिने नुकताच आलेला भरलेला डबा उचलला, पदर खोचला आणि गावठाणाकडे निघाली. “कस्तुरा, जाऊ नकोस,” म्हणत भीमराज मागोमाग निघाला, पण त्याला भरभर चालता येईना. तो पोचला तेव्हा ती गोजाबाईच्या ओसरीपुढे उभी होती. भीमराज कुंपणाशीच थांबला. मी घाबरून धावत होतो. हे लाडू परत गेले तर भैरूशी असलेलं नातं तुटेल, हीच भीती त्याला होती, आणि त्याची भीती तीच माझी.

गोजाबाईने डब्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आवळला.

“आमच्या हातचं चालत न्हाई व्हय तुमास्नी?”

“चालतं मावशी,” कस्तुरा म्हणाली. तिने डबा पुढे धरला. “चालतं म्हणूनच तर ते एकही ठेवत नाहीत. डॉक्टरबाईंनी तूप बंद केलंय. तुपानं त्यांच्या काळजाच्या नळ्या भरल्यात. रोज दुखतंय, तरी खातात. तुम्ही पहिल्यांदा काही पाठवलंत, ते त्यांना माघारी धाडवत नाही. मला मात्र माझा माणूस हवाय.”

गोठ्यात म्हैस साखळी हलवत होती. आतून भैरू दारात आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो एकदम जोत्यावर बसला.

“मला का न्हाई सांगितलंस रं?” तो कुंपणाकडे बघत म्हणाला. “इतकी वर्सं मीच घालतोय की तुला त्ये.”

भीमराजने मान खाली घातली.

गोजाबाईने डब्यावरची नजर कस्तुराकडे वळवली. मग म्हणाली, “मंग काय खायाचं त्यानं?”

“भाकरी, डाळ, पालेभाज्या. तेल थेंबभर.”

“थेंबभर तेलात भाजी व्हती का गं?”

“होते मावशी. मी करते.”

म्हातारी उठली. तिने कस्तुराच्या हातातून डबा घेतला, बाजूला ठेवला, आणि दाराच्या आत एक पाऊल टाकून मागे वळली. “आत ये,” ती म्हणाली. “माज्या चुलीवर करून दाव. त्यो बी येऊ दे आत. उन्हात काय हुबा केलाय आजाऱ्याला.”

मित्रांनो, त्या घराचा उंबरठा भीमराजने पहिल्यांदा ओलांडला तेव्हा मला गोळीची गरज पडली नाही. व्रण घेऊनसुद्धा मी त्या दिवशी चांगला चाललो.

गोजाबाईच्या परसात थोडी जमीन उरली होती. तिथला चाकवत, शेपू, मेथी आता भीमराजच्या घरी येऊ लागली. लाडू आले नाहीत, आणि कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. भैरूने आपण होऊन आपलीही विडी टाकली. “एकट्याला सोडवत न्हाई रं, जोडीनं सोडू,” तो म्हणाला. पुढच्या तपासणीला कस्तुराने भैरूलाही हट्टाने सोबत नेलं. “तुम्हीही तेच खाल्लंत ना भैरूभाऊ? मग तुमचंही रक्त तपासा.” भैरू हसला. स्वतःच्या बरगड्या दाखवून म्हणाला, “वैनी, माज्या अंगात चरबी हाय कुटं?” पण तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल भीमराजपेक्षाही जास्त निघालं. भैरूचं हसू मावळलं. बारीक माणसाच्या आतही वाटा तुंबत असतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. कस्तुराने त्याला हट्टाने नेलं नसतं, तर भैरूलाही ते एखाद्या दुपारी मशीनपुढेच कळलं असतं.

कंपनीने भीमराजला हॅमर शॉपमधून काढून हत्यारांच्या स्टोअरला बसवलं. सुरुवातीला त्याला ते अपमानाचं वाटलं. भट्टीच्या धगीशिवाय हात रिकामे वाटायचे. पण हळूहळू तो रमला. रोज सकाळी तो आणि भैरू पवनेच्या काठाने फिरायला जात. आधी थोडं, मग जास्त. चालण्याने माझ्या अंगावर नव्या बारीक वाटा जागवल्या. ठिणग्या कमी झाल्या, विझवणारे पुन्हा पुरे पडू लागले. मेलेला तुकडा मेलेलाच राहिला. उरलेला मी मात्र बळकट झालो.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. भीमराजच्या मनात घोरवडेश्वराचा डोंगर चढायचं होतं. तिथे जुनी बौद्ध लेणी आहेत. गोजाबाईला तिथल्या महादेवाचं दर्शन घ्यायचं होतं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, “सावकाश जा. थांबत थांबत. दुखलं तर खाली या.” मग थंडीतल्या एका सकाळी चौघं निघाली. भीमराज पायऱ्या चढे, थांबे, श्वास घेई. त्याच्या मागे भैरू, तोही थांबे. कस्तुरा दोघांवर नजर ठेवून. आणि गोजाबाई, सत्तरी कधीच ओलांडलेली, सगळ्यांच्या पुढे.

मित्रांनो, माझं सांगणं थोडकं आहे. तुमच्या प्रत्येकाच्या छातीत माझा एक भाऊ राहतो. त्याच्या वाटा आज मोकळ्या आहेत, त्या आजच जपा. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाला जिना चढताना धाप लागली, छातीत दाटलं, तर ‘वात असेल’ म्हणू देऊ नका. हात धरून दवाखान्यात न्या. आणि कुणाला मायेने भरवाल तेव्हा एकदा विचारा, तुला हे सोसेल ना? माया विचारल्याने कमी होत नाही.

वरच्या पायऱ्या उंच होत्या. गोजाबाई लेण्यापाशी पोचली होती. तिने वाकून हात खाली केला आणि भीमराजचं मनगट घट्ट धरून त्याला वर घेतलं. पण तिने हात सोडला नाही. तिचा खरबरीत अंगठा त्याच्या नाडीवर होता. ती तशीच उभी राहून, डोळे बारीक करून माझे ठोके ऐकत होती. आयुष्यभर सगळ्यांनी भीमराजच्या दंडाला हात लावला होता, माझी चाल कुणी मायेने अशी पाहिली नव्हती.

“चाललंय की रं चांगलं,” म्हातारी म्हणाली. “सावकास चाललंय, पर चांगलं चाललंय.”